वाळीत पडलेला टॉवर

सिंधुदुर्गाच्या अगदी दक्षिण टोकाला, जिथे कोंबडा महाराष्ट्रात आरवतो आणि जाग गोव्यात येते, तिथे वायंगवेळ नावाचं गाव आहे. गावात एक मोबाईलचा टॉवर आहे आणि तो एका बुडालेल्या मचव्याच्या डोलकाठीवर उभा आहे. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी जाऊन डोलकाठीला हात लावून यावा. बोटांना अजून माशाच्या तेलाचा वास लागतो. टॉवरची ताकद अशी, की होडी समुद्रात कितीही आत गेली तरी घरून आलेला ‘येताना मीठ घेऊन या’ हा निरोप चुकवता येत नाही. गावातल्या नवऱ्यांची त्याबद्दल तक्रार आहे, पण ती अजून कोणी लेखी दिलेली नाही.

अशा या धडधाकट टॉवरवर सन २०४४च्या मार्गशीर्षात मरणाची वेळ आली. आणि मेला की जिवंत आहे हे नाडी धरून सांगायला पुण्याच्या मोजणी कंपनीने पाठवलं, ते नेमकं द्वारका कुबलला.

द्वारकाचा धंदा मोजणीचा. जीपच्या पुढच्या फळीवर आठ फोन ओळीने बसवलेले, ते दिवसभर आपसांत बोलत राहतात आणि कुठे बोलणं तुटलं ते लिहून ठेवतात. बाकी काम जीपचं. वीस वर्षं हेच केल्यामुळे सावंतवाडीपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्या वळणावर कोणाचा ‘हॅलो, हॅलो’ सुरू होतो हे ती डोळे मिटून सांगायची. जीप चालवताना मात्र उघडे ठेवायची.

गावाच्या टॉवरांचा कायदा तिला तोंडपाठ होता. आकाशातल्या लहरी सगळ्यांच्या मालकीच्या. गावाने स्वतःचा टॉवर उभारावा, पण त्यावर येत्याजात्याचेही फोन चालले पाहिजेत. नुसती घरची माणसं बोलत राहिली तर लहरी परत घेऊन मोठ्या कंपनीला द्यायच्या. मोजणीचे तीन दिवस, गुरुवार ते शनिवारचा सूर्यास्त. तेवढ्यात निदान शंभर परक्या फोनांनी टॉवर धरला पाहिजे. वायंगवेळीवरून गोव्याकडे रोज हजारभर गाड्या जातात, किनाऱ्यावर पर्यटक पालथे पडलेले असतात. शंभर म्हणजे किस झाड की पत्ती.

गेल्या अख्ख्या वर्षात या टॉवरने धरलेले परके फोन होते सतरा.

आता यात द्वारकाची अडचण काय, तर वायंगवेळ हे तिचं माहेर. टॉवरची मालकी गावच्या मासेमारांच्या रापणकर संघाची, संघाचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, भिकाजी कुबल हा तिचा बाप, आणि बापलेकीत अकरा वर्षं अबोला.

तो अबोलाही टॉवरचाच. अकरा वर्षांपूर्वी हे सगळं गाव डोंगराच्या सावलीत मुकं पडलेलं असताना मोबाईल कंपनीचा टॉवर इथे परवडेल का, हे मोजायला द्वारकाच आली होती. तिने मोजलं आणि लिहिलं: माणसं थोडी, परवडणार नाही. आकडा खरा होता. पण पोरीने गावाला नाही म्हटलं, हे भिकाजी तांडेलाच्या घशात जाड काट्यासारखं अडकलं. त्याने रापणकरांना गोळा केलं, मचव्याची डोलकाठी उपसून काढली, जुनी यंत्रं मिळवली आणि त्याच वर्षी गावाचा टॉवर उभा केला. उद्घाटनाला द्वारका गेली. बापाचं कौतुकच वाटलं होतं तिला. तिच्या फोनने नव्या टॉवरकडे जागा मागितली. यंत्रासमोर भिकाजी बसला होता. त्याने नंबर वाचला, सगळ्या गावासमोर बोट उचललं आणि ‘नाही’ दाबलं. तिच्या फोनवर तांबडी फुली आली. जेवण न करताच ती निघाली, ती अकरा वर्षं फिरकली नाही. रस्त्यावरून जायची, गावात वळायची नाही.

गुरुवारी वळली. वेशीवर पहिली भेटली ती गुणाआत्ये, भिकाजीची धाकटी बहीण. डोक्यावर माशांची पाटी, आणि देह असा की पाटी मोठी की आत्ये हे लांबून ठरवणं कठीण. तिने जीप ओळखली, काचेतून आत डोकावून आठ फोन मोजले, आणि एका बाईला इतके नवरे बोलावत असतील तर माहेरी यायला वेळ कुठून मिळणार, असं म्हणून पाटीसकट जीपमध्ये चढून बसली.

जाळ्यांच्या खोपीत टॉवरचं यंत्र होतं. भिकाजी तिथेच स्टुलावर बसून जाळं सांधत होता. त्याने मान वर केली नाही. द्वारकाने आत्येला सांगितलं, की टॉवरने आजवर किती फोन नाकारले त्याचा हिशोब बघायचा आहे. दीड हातावर बसलेल्या भावाला आत्येने ते मोठ्याने सांगितलं. भिकाजीने जाळ्याला सांगितलं, की यंत्र समोर आहे आणि ज्यांना शिकवलं त्यांना वाचता येतं. आत्येने तेही जसंच्या तसं पोचवलं. असा अर्धा तास गेला. शेवटी आत्ये म्हणाली, “माका तरी मजुरी देवा. टॉवरचा काम मी करतंय.”

यंत्र सांगत होतं: अकरा वर्षांत नकार एक.

तो एक कोणाचा हे खोपीतल्या तिघांनाही माहीत होतं. पण द्वारकाला चक्रावून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. टॉवरने कोणाला नाकारलंच नव्हतं, कारण कोणी विचारायलाच आलं नव्हतं. बाहेर वाळूवर शेकडो फोन होते. तिचं मोजणीचं यंत्र दाखवत होतं, की वायंगवेळीची रेंज काठोकाठ भरलेली आहे. तरी सगळे फोन खाडीपलीकडच्या गोव्यातल्या एका दूरच्या टॉवरला चिकटलेले, एकेका मरतुकड्या कांडीवर. कोल्हापूरचा एक पर्यटक डोलकाठीखाली उभा राहून, हात उंच करून फोनला रेंज दाखवत होता. भरल्या विहिरीच्या काठावर बसून कोणी दव चाटावं, तसं.

यातलं शास्त्र थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

फोन परमुलखात गेला की तो सगळ्यात जवळचा किंवा सगळ्यात जोरदार टॉवर धरतो, अशी लोकांची समजूत असते. ती साफ चूक आहे. फोन हा जुन्या वळणाच्या पाहुण्यासारखा असतो. आधी तो स्वतःच्या कंपनीचं घर शोधतो. ते नसेल तर सिममध्ये एक यादी असते: अमक्याकडे उतरावं, तो नसेल तर तमक्याकडे. ही यादी दोन कंपन्यांच्या करारांवरून ठरते, शेजाऱ्याच्या अंगणाच्या मोठेपणावरून नाही. आणि सिममध्ये आणखी एक यादी असते, ती नकारांची. एखाद्या टॉवरने एकदा ‘तुला जागा नाही’ म्हटलं की फोन ते नाव तिथे लिहून ठेवतो आणि पुन्हा आपण होऊन त्याच्याकडे जागा मागत नाही. टॉवर शेजारी असो, बाकी सगळीकडे अंधार असो, विचारत नाही. जीव जात असेल तर गोष्ट वेगळी. मदतीचा फोन कुठल्याही टॉवरवरून जातो, तिथे यादी चालत नाही. पण जीव जात नसताना नुसतं बोलायचं असेल, तर मालकाने स्वतः, आपल्या बोटाने त्या टॉवरचं नाव निवडलं तरच ती गाठ सुटते.

इथवर जुनं झालं. सात वर्षांपूर्वी जाणती सिमं आली. त्यांनी यादी स्वतः लिहायला सुरुवात केली, आणि बॅटरी वाचावी म्हणून एकमेकांना सांगायलाही. दहा पावलांत दोन फोन आले की मालकांना पत्ता न लागता ते कुजबुजतात: तो टॉवर चांगला, त्या टॉवरने मला हाकललं, तू जाऊ नकोस. ऐकणारा ते खरं मानून पुढच्याला सांगतो. शोध उत्तम होता, बक्षिसं मिळाली. फक्त एवढंच झालं, की माणसांनी हजार वर्षं जे पारावर केलं ते आता खिशात व्हायला लागलं. एकाने एकदा नाव ठेवलं की टॉवर वाळीत.

वायंगवेळीचा टॉवर वाळीत पडला होता. गावच्या फोनांचं तेच घर, म्हणून त्यांना फरक पडला नाही. पण परक्या फोनांच्या जगात त्याच्याशी रोटीव्यवहार बंद होता.

द्वारकाने शुक्रवारी आपल्या आठ फोनांच्या नकाराच्या याद्या उघडल्या. आठांतही वायंगवेळ होतं. जाणत्या सिमची एक रीत चांगली आहे: बदनामी कोणी सुरू केली त्या पहिल्या फोनाची सही नोंदीला चिकटलेली असते. त्या पहिल्या फोनाने शब्द मागे घेतला, तर तो जिथे जिथे पोचला तिथून पुसला जातो. दुसऱ्या कोणी कितीही तारीफ केली तरी नाही. म्हणजे चोर सापडला की काम झालं. तिने मोठ्या उत्साहाने सही उलगडली. पहिले चार आकडे वाचले तेव्हा ती हसत होती. पुढच्या तीनला हसू थांबलं. शेवटचे तीन तिने वाचलेच नाहीत, कारण ते तिला पाठ होते.

तो तिचा स्वतःचा नंबर होता.

अकरा वर्षांत तिने चार फोन बदलले, पण नंबर तोच आणि यादीही तीच. जुन्या सिममधली नकारांची यादी नव्या जाणत्या सिममध्ये इमानाने उतरवली गेली होती. आणि सिमला बोलता यायला लागल्यावर त्याने पहिली चहाडी काय केली असेल, ते उघड होतं. शेजारच्या आठ फोनांना सांगितलं. ते आठ घेऊन ती जिल्हाभर हिंडली: प्रत्येक पेट्रोलपंप, प्रत्येक फाटा, प्रत्येक एसटी स्टँड. रान पेटवायचं असतं तर कोणी इतकं पद्धतशीर पेटवलं नसतं.

मोजणीच्या धंद्याचा पहिला नियमच असा, की जीपमध्ये मोजणाऱ्याचा स्वतःचा फोन बंद पाहिजे. द्वारका हा नियम नव्या मुलींना रागावून शिकवायची. स्वतःचा मात्र तिने अकरा वर्षांत एकदाही बंद केला नव्हता. न जाणो, म्हाताऱ्याला एखाद दिवशी वाटलं आणि त्याने फोन केला, आणि नेमका तेव्हाच बंद असला तर. एवढ्यासाठी चालू ठेवलेला फोन गावोगाव त्याच म्हाताऱ्याच्या टॉवरची अब्रू काढत फिरला होता.

पुण्याला कळवायचं तर रेंज हवी. बाई टॉवरची परीक्षक, पायाशी काठोकाठ रेंज, आणि फोन लावायला तिला दीड मैल चढून करवंदांच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळावर जावं लागलं. तिथे खाडीपलीकडची एक कांडी मिळाली.

तिचा साहेब टिळेकर. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर आकड्यांत राहिल्यामुळे आकड्यांसारखाच सरळ आणि रिकामा झाला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं, की सही कोणी बघत नाही. दोन दिवसांत परके फोन किती, तीन? उद्याचे धरून पाच होतील. पाच लिहून मोकळं व्हावं. स्वतःचा फोन चालू ठेवला होता हे लिहिलं तर मोजणीचा परवाना जाईल, आणि गेल्या सात वर्षांच्या सगळ्या मोजण्यांवर लोक बोट ठेवतील.

“आकडा खरा आहे ना, द्वारकाबाई? मग अहवाल खरा.”

द्वारकाने फोन ठेवला. हे वाक्य तिचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी बापाने अंगणात उभं राहून विचारलं होतं, असं कसं लिहिलंस, तेव्हा तिने हेच उत्तर दिलं होतं. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला शिळ्या सुकटीचा वास आला.

सड्यावरून खाली गाव दिसत होतं. डोलकाठी, तिच्या टोकाला बसलेला एक कावळा, खोपीचं छप्पर. छपराखाली भिकाजी यंत्रासमोर बसलेला असणार. गुणाआत्येने सकाळीच सांगितलं होतं, की रोज दिवे लागताना हा यंत्रासमोर बसतो, आलेल्यागेलेल्या फोनांची यादी वरपासून खालपर्यंत वाचतो आणि जेवण पार निवून जातं. यंत्र तपासतंय म्हणतो. अकरा वर्षं न बिघडलेल्या यंत्राचं इतकं काय तपासायचं असतं, हे आत्येला पडलेलं कोडं होतं.

शनिवारी दुपारी भरतीला रापण लागणार होती. द्वारका जरा आधीच किनाऱ्यावर गेली. भिकाजी वाळूवर दोरखंडाची वेटोळी सोडवत होता. गुणाआत्ये मध्यस्थीसाठी पदर खोचून उभी राहिलीच होती, पण या खेपेला द्वारका तिला वळसा घालून पुढे गेली.

“आबा, टॉवराची बदनामी माज्या फोनान केल्यान. दुसऱ्या कोणी नाय. मी तसाच लिवन देतलंय.”

मग तिने सगळं सांगितलं: नकार, यादी, कुजबुज, सही. भिकाजी दोरखंड सोडवत राहिला. बोलणं संपल्यावर त्याने समुद्राकडे बघितलं, होडीवाल्यांना हाताने खूण केली आणि म्हणाला, “आज वडूक मानसां कमी असत. दोरीक हात लाव.”

रापण म्हणजे काय, हे घाटावरच्यांना सांगितलं पाहिजे. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा चंद्र काढते, आणि चंद्राची दोन्ही टोकं किनाऱ्यावर धरून गाव ओढायला लागतं. या ओढण्याला एकच कायदा आहे आणि तो कुठल्याही सरकारपेक्षा जुना आहे: दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा पडला. मग तो गावचा असो, वाट चुकलेला असो, काल भांडलेला असो. तांडेलाला कोणाला नाही म्हणता येत नाही. भिकाजीने टॉवर उभारला तो याच कायद्यावर. यंत्राला त्याने सांगूनच ठेवलं होतं, की वाळूवर उभा राहिलेला कुठलाही फोन आपला. आयुष्यात एकदाच त्याने कोणाला हात लावू दिला नव्हता, तेही दोरीला नव्हे, टॉवरला. त्या एका खेपेचं व्याज सगळ्या गावाने भरलं.

द्वारकाने दोरी खांद्यावर घेतली. पण त्याआधी एक काम होतं.

तिने स्वतःचा फोन काढला, नेटवर्कची पाटी उघडली. दोन नावं होती. खाडीपलीकडचं, आणि त्याखाली करड्या अक्षरांत वायंगवेळ, पुढे फुली. त्या नावावर बोट ठेवायचं, एवढंच. लोकांच्या फोनांवर हे तिने हजार वेळा केलं असेल. पण यंत्रात आजही तिच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलेलं असेल, तर टॉवर तिला पुन्हा नाकारणार होता. मग शब्द मागे घेता येणार नव्हता, शंभर फोन येणार नव्हते, सूर्यास्ताला लहरी जाणार होत्या आणि गाव पुन्हा मुकं होणार होतं. बापाला आधी विचारावं तर त्याने दोरी दिली होती, टॉवरबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आणि कुबलांच्या घराण्यात कोणी आधी विचारत नाही.

तिने बोट ठेवलं.

पडद्यावर चक्र फिरलं. एक फेरा, दोन फेरे. वाळूवर आपटून एक लाट परत गेली. आणि फुली होती तिथे बरोबरची खूण आली, पाच कांड्या झपकन उभ्या राहिल्या, आणि पाठोपाठ फोन वाजला.

परमुलखात नवा टॉवर धरला की स्वागताचा निरोप येतो, तसाच हा होता. पण वायंगवेळीचा नेहमीचा निरोप द्वारकाला मोजणीच्या कागदांतून माहीत होता. गावातल्या मास्तरांनी रचलेला, ‘रापणकर संघ आपले सहर्ष स्वागत करीत आहे’ छापाचा. हा तो नव्हता. हा एकाच नंबरासाठी टॉवरमध्ये लिहून ठेवलेला होता.

‘द्वारका, वाटो काढून ठेवलंय. जेवक ये.’

खाली लिहिल्याची तारीख होती. अकरा वर्षांपूर्वीची. उद्घाटनानंतरचा तिसरा दिवस.

म्हणजे म्हाताऱ्याने तिसऱ्या दिवशीच दार उघडलं होतं. उघडून, हे लिहून, रोज संध्याकाळी बसून वाट बघितली होती, की पोरीचा फोन कधी येऊन विचारतो. आणि पोर अकरा वर्षं त्याच रस्त्यावरून जात होती, फोन चालू ठेवून, की बाप कधी बोलावतो. फोन एकदा नाकारला गेला की आपण होऊन पुन्हा विचारत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला शिकवत हिंडणाऱ्या बाईला स्वतःच्या फोनाबद्दल ते सुचलं नव्हतं.

तिने वर बघितलं. भिकाजी दोरीच्या पुढच्या टोकाला उभा होता. फोन वाजलेला त्याने ऐकला होता.

“इचारूक अकरा वर्सां लागली तुका?” तो म्हणाला.

“आणि तुमका सांगूक?”

भिकाजीने यावर विचार केला. मग तांडेलाला शोभेल असं खाकरून त्याने ओढण्याची हाळी दिली. गुणाआत्ये दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने द्वारकाच्या हातातून फोन घेतला, निरोप वाचला, आणि आपल्या सख्ख्या भावाला सगळ्या किनाऱ्यासमोर एक अशी शिवी दिली, की वाळूतल्या कुर्ल्या बिळांत शिरल्या. मेल्याने कोणाला सांगितलं नाही, एवढंच त्यातलं लिहिण्यासारखं.

आता शब्द मागे घेतला गेला होता, पण तो पोचायला हवा होता. बदनामी वाऱ्यावर जाते, माफी पायी चालते. दहा पावलांच्या पलीकडे फोन कुजबुजत नाहीत आणि पर्यटक किनाराभर विखुरलेले. द्वारकाने जीपकडे बघितलं, मग खांद्यावरच्या दोरीकडे. आणि तिने आत्येला कानात सांगितलं.

गुणाआत्येचा आवाज हे एक वेगळंच प्रक्षेपण केंद्र आहे. तिने कमरेवर हात ठेवून किनाऱ्याला जाहीर केलं, की वायंगवेळीची रापण आहे, दोरीला हात लावील त्याला ताज्या माशांचा वाटा, आणि नुसते फोटो काढील त्याला काहीही नाही. कोल्हापूरचा तो हात वर केलेला पर्यटक पहिला धावला. त्यामागे त्याची चार पोरं, बायको, मेहुणा. मग इचलकरंजीची एक बस. गोव्याकडे निघालेल्या गाड्या गर्दी बघून थांबल्या. दोन्ही दोऱ्यांवर माणूस लागला, खांद्याला खांदा, खिशाला खिसा.

द्वारकाचा फोन मागच्या फोनाला म्हणाला: तो टॉवर चांगला आहे, चूक माझी होती. त्याने ते मागच्याला सांगितलं. माणसं ‘होय्या’ म्हणत समुद्र ओढत होती, आणि त्यांच्या खिशांतून एक शब्द दोरीसारखा मागे मागे सरकत होता. पहिला स्वागताचा निरोप वाजला तो कोल्हापूरकराच्या खिशात. मग त्याच्या मेहुण्याच्या. मग दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खिसे वाजत गेले. कोणाच्या हाताला फुरसत नव्हती. बसमधली एक म्हातारी ओढता ओढता म्हणाली, की कोणाचं तरी लग्न जमलेलं दिसतंय.

खोपीत मास्तर यंत्रासमोर बसले होते, ते दर थोड्या वेळाने दारात येऊन आकडा ओरडायचे. चाळीस. एक्याऐंशी. जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला, बांगडे चांदीसारखे उडायला लागले, तेव्हा एकशे सव्वीस. सूर्य खाडीच्या मुखात टेकला तेव्हा तीनशे बारा.

द्वारकाने अहवाल तिथेच, डोलकाठीखाली बसून लिहिला आणि पाचच्या पाच कांड्यांवरून पाठवला. टॉवर निर्दोष. दोष मोजणाऱ्या फोनाचा, तो मोजणारीचा स्वतःचा, नियम मोडून चालू ठेवलेला. पुराव्यादाखल सही जोडली. मग टिळेकरचा फोन आला. परवाना वर्षभरासाठी ठेवून घेणार असं तो म्हणाला. द्वारका म्हणाली, ठेवा, मोसमात इथे ओढायला माणसं कमीच आहेत. मग त्याने विचारलं, की अशी वाळीत टाकलेली आणखी किती गावं असतील हो या राज्यात. शोधायला कोणीतरी जायला हवं, नाही का, परवान्यावाचून. द्वारका म्हणाली, बघू. जेवल्यावर बोलते.

वाळूवर वाटे पडत होते. भिकाजी एकेका हाताला एकेक ढीग टाकत चालला होता, कोल्हापूरला, इचलकरंजीला, म्हातारीला. द्वारकासमोर त्याने इतरांएवढाच ढीग टाकला. एक बांगडा जास्त नाही. कायदा म्हणजे कायदा. तिने विचारलं, की निरोपातला तो काढून ठेवलेला वाटा कुठे आहे.

भिकाजी डोलकाठीकडे बघायला लागला. गुणाआत्ये वाळूकडे.

“तो माज्या पोटात गेलो गो,” आत्ये शेवटी म्हणाली. “अकराय वर्सां. ह्यो रोज काढून ठेवी, तू येयस नाय, मासळी कुसात. मगे कोणी खावची?” आणि आपल्या एकंदर घेराकडे हात करून तिने पुरावा दाखवला.

दिवे लागले. द्वारका खोपीच्या दाराशी आली तेव्हा भिकाजी नेहमीप्रमाणे यंत्रासमोर बसला होता. तीनशे बारा नंबरांची यादी तो बोटाने वरून खाली वाचत होता, ओठ हलवत, एकही न गाळता. सगळ्यात वर, दुपारच्या पहिल्याच ओळीत तिचा नंबर होता. तो त्याने वाचला होता, तरी खालपर्यंत गेला. मग पुन्हा वर येऊन त्याच ओळीवर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं, आणि उठून पडदा बंद केला.

“चल,” तो म्हणाला. “जेवाण निवता.”